उपरा उजेड

व्हिल्निअसला नोव्हेंबरात चार वाजताच रात्र होते.
आम्हाला तीही पुरत नाही.

खिडकीवर काळं कापड, त्यावर आणखी एक.
वीजपुरवठ्याच्या डब्यावरचा हिरवा ठिपका,
त्याच्यावर नखाएवढी चिकटपट्टी.
एका स्क्रूचं डोकं चकाकत होतं, ते मी मार्करने काळं केलं.
व्हीतेनिस म्हणाला, अंगठी काढ.
काढली.

लेसर सांडतोच, कितीही नीट ओता.
उरलेला किरण आम्ही ब्लेडांच्या गठ्ठ्यात सोडतो,
पात्याला पातं, धारा समोर.
आत शिरलेला उजेड तिथेच
आपटत आपटत मरतो.

कारण नमुना फार हळू बोलतो.
झेमाइतियातल्या एका लाकडी क्रॉसवरचा निळा रंग,
तांदळाच्या कणीएवढा.
कोटभर फोटॉन धाडावेत, तेव्हा एखादा
रंग बदलून परततो.

तरी चारशे चौऱ्याऐंशीवर शिखर होतं,
अरुंद, ताठ, रोज त्याच जागी.
कुठल्याच तक्त्यात नाही, म्हणजे नवं खनिज.
तीन आठवडे जपलं मी त्याला.
प्रबंधाची चार पानं झाली,
आईलाही फोनवर सांगून बसले.

व्हीतेनिसने न बोलता नमुना चिमट्याने उचलला
आणि रिकाम्या जागेचं मापन घेतलं.
शिखर तिथेच.
मग लेसरच बंद केला.
तरी तिथेच.
पाहुणा गेला, पाट उचलला,
आणि ताट अजून वाफाळतंय.

गुडघ्यांवर बसून त्याने गाल फरशीला लावला.
'ये, बघ तुझं खनिज.'
दाराखाली दोऱ्याएवढी फट.
पलीकडे व्हरांड्यातली ट्यूबलाइट,
तिच्यातला पारा
त्याच्या त्या एका हिरव्या रेषेत जळत
माझ्या चार पानांपर्यंत आलेला.

तो हसला, मग खोकला. मी नाही हसले.

व्हरांडा दांगुओले पुसतात.
दिवा मालवू का, विचारलं.
'मालवा. तेवीस वर्षं पुसतेय,
डाग कुठे पडतात ते मला ठाऊक आहे.'
फटीत मी मफलर कोंबला.

वीस मिनिटांचं मापन.
पलीकडे ओल्या फडक्याची सळसळ,
बादलीच्या कडीचा आवाज.
तो आत येतो. येऊ दे,
त्याची नोंद होत नाही.

चारशे चौऱ्याऐंशी सपाट.
पाचशे अठ्ठेचाळीसवर एक उंचवटा,
त्या शिखराशेजारी बुटका
म्हणून मी कधी मोजलाच नव्हता.

नीळ.
कपड्यांना घालतात ती.