वाऱ्यावरची जकात

मी अँफिन तोर्स्टाड, जकात-कारकून.
उत्तरेच्या या शेवटच्या बंदरात
कॉड मोजतो, मीठ मोजतो,
डांबराचं पिंप बोटानं वाजवून
आत किती उरलंय ते सांगतो.
वारा मोजायला मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

रिस्तेन टेकडीपलीकडून यायची.
रेनडिअरच्या कातड्याची पिशवी, पिशवीत दोऱ्या,
प्रत्येक दोरीला तीन गाठी.
पहिली सोडली की शीड नुसतं जागं होतं.
दुसरी सोडली की पोटभर वारा, घरी नेणारा.
तिसरी सोडायची नाही, ती बजावायची,
आणि तिसरीचेही पैसे घ्यायची.
"न वापरण्याचे पैसे?"
"तेच तर महाग असतं, कारकून."

वहीत रकाने पाच:
मासे, लाकूड, लोकर, धातू, किरकोळ.
मी वारा किरकोळात टाकला.
वरून पत्र आलं, वजन लिहा.
मी कोरी दोरी तोलली,
तिनं माझ्यासमोर गाठी मारल्या, पुन्हा तोलली.
मोहरीभर हलकी भरली.
हिशेबानं पाहता
सरकारच तिचं देणं लागत होतं.
ते मी वर कळवलं नाही.

तोवर बाजार सरळ होता.
वारा पडला की भाव चढे,
वारा उठला की भाव पडे,
आणि या दोन पडण्यांच्या मध्ये
रिस्तेनच्या घरी पीठ येई.

मग बर्गनहून सिव्हर्ट क्रोग आला.
होत्या नव्हत्या तेवढ्या दोऱ्या घेतल्या, रोखीनं.
पुढच्या वर्षीच्याही घेतल्या,
अजून कुठल्याच डोंगरावरून न सुटलेल्या वाऱ्याच्या.
वखारीला तीन कुलपं.
मी शिक्का मारला. कागद चोख होते.

जूनमध्ये समुद्र परातीतल्या पाण्यासारखा.
एकेचाळीस होड्या जागच्या जागी,
सीगल धक्क्यावरून पायी जायचे.
वाळणीवरचा मासा वाळेना, नासला.
एका गाठीला अर्धी होडी, असा भाव फुटला,
आणि ज्यांना गाठ परवडेना
ते गाठीच्या चिठ्ठ्या घेऊ लागले,
क्रोगच्या सहीच्या.
चिठ्ठी फुंकून शीड फुगत नाही
हे सगळ्यांना माहीत होतं.
तरी संध्याकाळी चिठ्ठीचा भाव वाढलेला असे.

थकबाकी घ्यायला मी टेकडी चढलो.
रिस्तेनच्या झोपडीचा धूर उभा,
जणू कोणी वरून धरलाय.
वारा नसला की इथे डास येतात,
ढगानं येतात.
तिच्या नातवाचे डोळे सुजून मिटले होते,
तो आवाजाच्या दिशेनं मान वळवायचा.
"एक गाठ सोड की," मी म्हणालो.
"सगळ्या विकल्या. नवी मारायला
आधी वारा लागतो."
पैसे होते तिच्याकडे. गाठीला चांगले बांधलेले.
तिनं थकबाकी पूर्ण मोजून दिली, वर पावती मागितली.

माझ्या पिशवीत जप्तीची एक दोरी होती.
मागच्या साली कोणा नावाड्यानं
जकातीपोटी टाकलेली.
नोंद: दोरी एक, गाठी तीन,
मूल्य बाजारभावाप्रमाणे.
त्या दिवशीचा बाजारभाव म्हणजे
माझा सहा वर्षांचा पगार.

पहिली गाठ घट्ट होती, दातानं सोडवावी लागली.
धूर वाकला.
दांडीवरचं एक लहान अंगरखं हललं.
डास गेले, सगळे नाही.
पोरानं तोंड वर केलं आणि विचारलं, कोण आलं?

एवढंच. बंदरापर्यंत ती झुळूक पोचलीही नाही.

क्रोगच्या वखारीचं पुढे काय झालं
ते दुसऱ्या वहीत आहे. त्यात उंदीर आहेत,
आणि छप्पर कुठे सापडलं त्याची नोंद.

माझ्या वहीत त्या तारखेला एकच ओळ.
किरकोळ: गाठ एक, खर्ची पडली.
तपासनीस दरवर्षी येतो, बोट ठेवतो,
कशावर, म्हणून विचारतो.
मी दरवर्षी सांगतो, डासांवर.
तो हसतो, उरलेल्या दोन गाठी
नखानं चाचपून बघतो,
तिसरीपाशी जरा थांबतो,
आणि सही करतो.