एक्स-रेचा लिफाफा

लिफाफा मुळात एक्स-रेचा.
इसिदोरोच्या डाव्या पायाचा,
कोरिएन्तेसच्या लष्करी दवाखान्यातला, ब्याऐंशीच्या जुलैतला.
फोटो कधीच हरवला, तीन बोटं त्याच्याही आधी गेली,
जाड पिवळा कागद तेवढा टिकला.
कोपऱ्यावर अजून वाचता येतं:
वय एकोणीस.

बेटांवरून परत आणल्यावर पोरांकडून सही घेतली होती,
तिथलं काही बोलणार नाही म्हणून.
लिहिणार नाही, असं त्या कागदावर नव्हतं.
ही पळवाट माझ्या एलेउतेरिओने काढली.
मासे पकडणारा माणूस, जाळ्यातलं भोक त्याला लगेच दिसायचं.

अकरा जण होते. नियम एकच:
लिफाफा आला की आपलं जुनं पत्र काढायचं,
नवं घालायचं, पुढच्याकडे धाडायचा.
गोयाहून मेर्सेदेस, तिथून कुरुसू, मग नदीपलीकडे चाको,
फेर्मिनच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या सीटखाली,
कधी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी.
एक फेरा पुरा व्हायला वर्ष लागायचं, वर दोन महिने.

छत्तीस वर्षं तो माझ्या घरात येत-जात राहिला,
मी उघडला नाही.
बायकोने नवऱ्याच्या खिशात हात घालावा,
पण काही खिसे शिवलेलेच बरे.

एलेउतेरिओ फेब्रुवारीत गेला.
एप्रिलमध्ये दारात हॉर्न वाजला.
फेर्मिनने टोपी काढली, लिफाफा दिला,
माटेचा एक घोटही न घेता निघून गेला.

मी उघडला.
वाटलं होतं, बर्फ असेल, रक्त असेल.
होतं काय, तर वासराची किंमत, गुडघा, गळकं छप्पर,
मुलीच्या लग्नात जावयाने घातलेला गोंधळ.
शिव्या ग्वारानीत, बाकी सगळं स्पॅनिशमध्ये.
आणि प्रत्येकाच्या पत्रात शेवटी, सहीच्या वर,
तीनच शब्द:
रात्री वारा होता.
कुणाच्या पत्रात: दोन रात्री होता.
कुणाच्या: यंदा कमी.

माझ्या माणसाचं शेवटचं पत्र:
रामोनाने संत्र्याचा मुरंबा फार गोड केलाय. मी खाल्ला.
आठ दिवस वारा नाही.

ते कसं काढणार होते मी?
त्याच्या मागे माझं ठेवलं, आणि बसवर दिलं.
कुणी हरकत घेतली नाही.
तेव्हापासून गेलेल्यांची पत्रं कुणी काढत नाही.
आता सात तशी आहेत.
माणसं कमी, लिफाफा जड,
आणि फेरा सहा आठवड्यांत पुरा.
आधी वर्षभर वाट पाहायचो,
आता तो इतक्या लवकर येतो की भीती वाटते.

नातवाने फोनवर ग्रुप काढून दिलाय.
रोज सकाळी फुलं येतात, कुत्र्याची पिल्लं येतात, वाढदिवस येतात.
छान आहे. मीही अंगठा दाखवते.
वारा तिथे कुणी लिहीत नाही.

या खेपेला आनास्तासिओचं पत्र वेगळ्या अक्षरात आलं.
हात थरथरतो म्हणून तो सांगतो, मुलगी लिहिते.
शेवटी वारा आहेच, पाच रात्री.
आणि त्याखाली, बारीक, पेन्सिलने, बापाच्या चोरून:
रामोनाकाकू, आमच्या गल्लीत तर पानही हलत नव्हतं.
हा वारा कुठला?
तुमची, नेलिदा.

तीन दिवस झाले, कागद टेबलावर आहे.
कोंबड्यांचं लिहिलं. वीजबिलाचं लिहिलं.
नदी चढलीय, तेही लिहिलं.
काय सांगू पोरी?
सही मी केली नव्हती,
तरी जीभ माझीही त्याच कागदाखाली दबून राहिली.
त्याच्या कुशीवर निजून मी तो किती रात्री ऐकला,
आणि दर वेळी उठून खिडकी लावली.

बस उद्या सकाळी सहाला.
फेर्मिनचा मुलगा चालवतो हल्ली, थांबत नाही फार.
आज पुन्हा मधल्या रात्री उठले,
खिडकी लावायला गेले.
लावलेलीच होती.
आता तिथूनच सुरुवात करते:
नेलिदा, तू पेन्सिलने विचारलंस,
मी पेनाने लिहितेय.