पिग्मीताई

जिन्याखाली, पाण्याच्या मीटरशेजारी
एकोणीस वर्षं उभी होती लुना.
सोसायटीची नोटीस आली तेव्हा हलवायला गेलो :
वर रंगाचे डबे, कुणाचा तरी मोडका पाळणा,
मखराचा पिवळा पडलेला थर्माकोल,
आणि दोन्ही टायर फरशीला चिकटलेले.

भंगारवाला सातशे म्हणाला.
आई म्हणाली, आधी चालू करून बघ.
का, ते नाही म्हणाली.

खारेगाव नाक्यावरून रियासत आला,
लुना थांबली त्या साली जन्मलेला.
त्याने सेल्फचं बटण शोधलं,
सापडेना तेव्हा स्वतःशीच हसला.
मग तिसऱ्या पायरीवर मेथी निवडत बसलेली आई
मान खाली ठेवूनच सांगत गेली :
प्लग काढ. भोकात चमचाभर ऑइल सोड.
घाई नको. रात्रभर मुरू दे.

टाकीतलं पेट्रोल आता पेट्रोल नव्हतं.
काकवीच्या रंगाचं, वॉर्निशच्या वासाचं काहीतरी.
आत मूठभर खडी घालून
आम्ही टाकी आळीपाळीने खुळखुळवली,
कळव्याच्या गटारात तांबडं पाणी गेलं.
जेटचं भोक केसाएवढं, ते ब्रशच्या तारेने मोकळं केलं.
फिल्टरच्या डबीत उंदराचं घर निघालं,
पिवळ्या कागदाचं, बारीक कुरतडलेलं,
आतून मऊ.

पिवळा कागद म्हणजे पावत्या.
पारसिककृपा पतपेढी. रोजचे दहा, रोजचे वीस.
कळवा नाका ते विटावा, दुपारी चार ते रात्री नऊ.
लुनाचा आवाज आला की दुकानदार
मान वर न करता गल्ला उघडायचे.
मग एका सोमवारी पेढीचं शटर उघडलंच नाही.
अध्यक्षांचा फोन लागायचा नाही.
आईचा लागायचा.
आवाज आला की आता माणसं दुकानाबाहेर यायची.

तेव्हापासून ती चालत गेली सगळीकडे.
पाटल्या मोडल्या. पाचशेच्या आतले सगळे फेडले,
वहीत एकेका नावावर रेघ मारत.
बाकीच्यांच्या दारावरून जाणारे रस्ते सोडले.
विटाव्याच्या गिरणीवाल्या बाईचे चार हजार होते.
त्या नावावर रेघ नाही.

दुसऱ्या दिवशी पायडल मारलं.
पिस्टन आधी करकरला, मग सुटला,
पण इंजिन काही धरेना.
रियासत दमला. मी दमले.
आईने पदर खोचला.
"आजी, कंबर..."
"गप रे."
स्टँडवर चढवलेल्या लुनावर
बहात्तर वर्षांची बाई जागच्या जागी पायडल मारत राहिली,
मागचं चाक हवेत,
आणि डाव्या मुठीखालची कळ तिने सोडली
आम्ही सोडत होतो त्याच्या
किंचित नंतर.

फट्.
फट् फट्.
मग धूर, इतका की दुसऱ्या मजल्यावर
देवरुखकरांनी खिडक्या लावल्या.
आणि मग तो आवाज,
पत्र्यावर चणे ओतल्यासारखा, न थांबणारा.

समोरच्या टपरीत शिवपूजनने इस्त्री उभी ठेवली
आणि त्याचा हात, त्याला न विचारताच,
शर्टाच्या खिशाकडे गेला.
दहाची नोट अर्धी बाहेर आली.
तिथेच थांबली.
आईने पाहिलं. त्यानेही पाहिलं की तिने पाहिलं.
मग त्याने नोट आत सरकवली
आणि कुणाच्या तरी पँटवर पाणी शिंपडलं.

बाटलीतलं पेट्रोल संपलं. लुना थांबली.
"स्पीडोमीटर मेलाय, आजी. केबल तुटलीय."
"असू दे मेलेला."
उंदराचं घर चिमटीत धरून
आई ते जिन्याच्या झरोक्याशी नेत होती.
एका कपट्यावर अर्धा आकडा उरला होता.
"हा पाच माझा," ती म्हणाली,
"पोट जरा मोठं काढायचे मी."

मग कपटा ब्लाउजात खोचून, रियासतकडे न बघता :
"उद्या येताना अर्धा लिटर आण.
विटाव्यापर्यंतच जायचंय."