गुडघ्याचा साचा

माझ्या पंक्चरच्या दुकानातून वस्तू नाहीशा होतात.
पोलिसात जावं असं काही नाही.
एक वाकडा स्पोक,
जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी,
परवा तर चाकाची अख्खी रिंग.

चोर मागच्या सपरीत,
पाय पसरून, चष्म्याला दोरी बांधून बसलेला.
कौतिका वाकळ शिवते.

स्पोकचं टोक तिनं पाट्यावर घासघासून बोथट केलं,
दुसऱ्या टोकाला नाडी बांधली.
परकराच्या नेफ्यातून आता ती अशी सरकते
जशी धुऱ्यावरून धामण.
ट्यूबची पट्टी तर्जनीला गुंडाळली की
लुगड्याच्या सात थरांत रुतलेली सुईसुद्धा
निमूट बाहेर येते.
रिंग आढ्याला आडवी टांगली,
भोकाभोकातून तार, तारेला रीळ.
वारा आला की तांबडं, हिरवं, जांभळं
हळूच एक फेरी मारून थांबतं.

मी म्हटलं, "भंगारात साठ रुपये आले असते."
"मंग घ्या साठ रुपये," ती म्हणाली,
"अन् रिळं धरून बसा दिवसभर."

नहाणीतली साबणाची चिपटी तिचा खडू.
काळ्या कापडावर रेघ ओढते,
धुतली की रेघ गेली, कापडही निघालं.
मेणबत्तीच्या बुडख्यावरून दोरा ओढून घेते,
मग त्याला गाठी पडत नाहीत.
देवरावचं किराणा दुकान बसलं
तेव्हा त्याच्या बायकोनं अर्ध्या किलोची दोन वजनं दिली.
ती आता अंथरलेल्या कापडाच्या कोपऱ्यांवर बसतात,
पंखा कितीही फिरो.

पौषातली गोष्ट.
तुळसाच्या नातवासाठी वाकळ, सकाळी न्यायला येणार.
रात्री अकराला कौतिकानं सुया मोजल्या.
एक कमी.
पुन्हा मोजल्या.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही,
फळीवरचा मुका रेडिओ उतरवला,
भोंग्यातला लोहचुंबक उचकटून काढला
आणि बसली वाकळीवर फिरवत,
वीतभर पुढे, वीतभर बाजूला,
आजारी लेकराच्या पोटावर हात फिरवावा तशी.
मी बॅटरी धरली होती. माझा हात दुखला.
दोनच्या सुमाराला, काठाजवळ,
टक्.
ती काही बोलली नाही.
उठली, रांजणातून दोन गिलास पाणी प्यायली.

एवढं सगळं मी खपवून घेतलं.
पण एक्स-रे?
ट्रॉलीवरून पडलो त्या साली
यवतमाळच्या दवाखान्यात काढलेला,
पिवळ्या पाकिटात, कोठीतल्या खिळ्याला टांगलेला
माझा उजवा गुडघा
तिनं कातरला. शंकरपाळ्याच्या आकारात.
म्हणे पुठ्ठा झिजतो, हे झिजत नाही,
आरपार दिसतं, फूल बरोब्बर मधात येते.
"अवं, डॉक्टरनं मांगतला तर?"
"म्हणा, वाकय घेऊन येतो."

दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

मग थंडीचा कडाका पडला आणि गुडघा ठणकायला लागला.
पडल्या पडल्या हिशेब केला:
तुळसाचा नातू, शाळेतले कोवे मास्तर,
पाण्याच्या टाकीवरचा राखणदार,
खालच्या पुऱ्यातल्या दोन बाळंतिणी.
सगळ्यांच्या अंगावर शंकरपाळे,
आणि प्रत्येक शंकरपाळा
माझ्या वाटीभोवती कातरलेला.
एवढ्या लोकांनी ओढून घेतलेला गुडघा
दुखणारच, बाप्पा.

काल एक तुटकं पॅडल मी मुद्दाम
तिला दिसेल असं उंबऱ्यावर ठेवलं.
संध्याकाळी होतं तिथंच.
"हे काऊन ठेवलं वाटंत?
याचं मी काय करू?"

खरं सांगतो,
मला जरा वाईटच वाटलं.