चावी

नवव्या दिवशी पाणी येतं आमच्या मानवतला,
कधी अकराव्या.
पहाटे साडेतीनला खाजामियाची सायकल वाजते,
दांडीला बांधलेली ती लोखंडी चावी,
पुरुषभर उंच, डोक्यावर आडवी मूठ,
प्रत्येक खड्ड्यात आपटते.

मी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं,
म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेले वीस मार्क.
हक्क डावीकडं, कर्तव्यं उजवीकडं,
मधे पट्टीनं ओढलेली रेघ.
ती रेघ कुठून कुठं जाते,
एकाही पोरानं विचारलं नाही.
बरं झालं.

माझ्या जिन्याखाली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आहे,
थेट नळाला. वर पोतं,
पोत्यावर जुन्या उत्तरपत्रिका.
नगर परिषदेची रिक्षा भोंगा लावून फिरते,
मोटर जप्त होईल, कनेक्शन तुटेल.
मी खिडकी लावून घेतो.
वीज माझ्या मीटरची, नळपट्टी भरलेली,
उंबऱ्याच्या आतलं विचारणारे हे कोण?
आणि नगरसेवकाच्या बंगल्याला तर
व्हॉल्व्हच नसलेली वेगळी लाइन,
तिकडं कुठला भोंगा जात नाही.
हे बोलताना माझा आवाज चढतो.
खरंच असतं ते.
खऱ्या गोष्टीच्या मागं लपायला
लई जागा असते.

गल्लीच्या शेवटी सोजरबाई.
तिचा नळ नुसती शिट्टी वाजवतो.
"आधी हवा येती गुरुजी, मग गुरगुर,
मग परत हवाच."
घागर मांडीशी धरून ती ऐकत बसते.

गेल्या उन्हाळ्यात पोरांनी चावी हिसकली.
आपलं पाणी, आपला हात!
मीही ओट्यावरून टाळ्या वाजवल्या.
चार दिवस.
मोंढ्यात चिखल झाला, कुंभार गल्ली कोरडी,
तिसऱ्या रात्री संदिपानच्या कपाळाला सहा टाके.
पाचव्या पहाटे कुणीतरी गुपचूप
चावी खाजामियाच्या दाराशी टेकवून गेलं,
जरा वाकलेली.
त्यानं ती फडक्यानं पुसली.
तक्रार द्या, अर्ज मी लिहितो, म्हटलं मी.
तो म्हणाला, "चहा घेता का, सर?"

आज व्हॉल्व्ह जाम होता.
मी फिरायला निघालेलो.
"जरा हात लावा ना, सर."
मूठ गार होती, दोन जागी झिजून गुळगुळीत.
मी विचारलं, कुठल्या बाजूनं?
साठ वर्षं हे पाणी पितोय,
ते कुणीकडं उघडतं, मला ठाऊक नव्हतं.
त्यानं माझे हात धरून दिशा दाखवली.
दोघांनी जोर लावला. तिघं असतो तर बरं होतं.

मग खाली काहीतरी सुटलं,
तळपायांना थरथर लागली,
आणि अंधारात, सहा घरं सोडून,
एक मोटर सुरू झाली.
बायकोला वेळ पाठ आहे.

आवाज माझ्या ओळखीचा. त्याच्याही असणार.
तो काही बोलला नाही,
चावी दांडीला बांधली,
सुतळीला दोन गाठी मारल्या.

मी घराकडं निघालो,
आधी सावकाश,
मग तितकं सावकाश नाही.