उरलेले नऊ

कागद हातात आला तेव्हा मला वाटलं, चादरीचं डिझाइन.
तोच बारीक चौकटींचा कागद,
ज्यावर आधी मोर मांडतात, मग जकार्डची कार्डं पाडतात.
मोर मात्र नव्हता.
हिरव्या शाईचे लांबट डाग,
प्रत्येक डागाच्या टोकाला एक टिंब.

खाली सही : हॅलम, वीव्हिंग मास्तर.
आणि शेजारी तेलुगू वळणाचं मराठी, अक्षरं गोल गोल :
'एक चौकट म्हणजे साहेबाची पाच पावलं.
अंबय्या येमूल, डिझाइन खातं.'

मी नगररचनेत ट्रेसर होते. बत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या रेषेवरून रेष ओढली.
कुठे हात थांबला, कुठे खोडलं,
एवढंच मला वाचता येतं.

पहिले नऊ होल झाले. अजून आहेत,
म्हणजे सहा आहेत, तीन रिंगरोडनं नेले.
हिरवळ तेव्हाही नव्हती. गवताला पाणी
सोलापुरात कोण पाजणार?
टिंबाभोवती वाळू, मिलच्या जळक्या तेलात कालवलेली,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
एक पोरगं फळी ओढून ती सारखी करायचं
आणि घरी जेवताना त्याच्या हाताला इंजिनाचा वास यायचा.

तिसरा होल डावीकडे वळतो.
क्लबातले लोक अजून सांगतात, काय डोकं होतं साहेबाचं!
कागदावर तिथे ब्लेडनं खरवडलंय, दोनदा.
खाली सरळ रेष दिसते.
समासात गोल अक्षरं : 'बोरीखाली म्हसोबा. माणूस मिळत नाही.'

दहापासून पुढे सगळं पेन्सिलीत.

दहावा भागव्वा बिराजदारच्या विहिरीवरून.
तीनदा निरोप गेला. ती म्हणाली,
चेंडू पडला तर पडू दे की,
काढायला तुमचा माणूस उतरणार, तो नको.

तेराव्याला नेम चिमणीवर धरायचा.
पंधराव्याचं नुसतं टिंब,
तिथवर जायचं कसं, ते काढलेलंच नाही.

मग दुष्काळ पडला. मग साहेब बोटीनं गेला
ते गेलाच.
सतराव्यानंतर पेन्सिलीचा दाब बदलतो.
अठरावा हॅलमचा नाही, पैजेवर सांगते.
त्याचं टिंब गोल नाही.
चार चौकटींचं कमळ आहे.
हाताला तेच येत होतं.

रविवारी सकाळी टेप घेऊन निघाले.
विहिरीवर स्लॅब पडलाय, वर भागव्वाच्या पणतवाचे
आठ लूम, खटखट, खटखट.
मी म्हटलं, इथून चेंडू जायचा होता.
तो म्हणाला, लाइट गेल्यावर या, मग ऐकू येईल.

तेराव्याच्या जागी उभी राहिले. चिमणी पाडली त्याला वर्षं झाली.
नेम धरला तिथे एक घार होती,
मग तीही सरकली.

पंधरावं टिंब एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, खांब क्रमांक सात.
तिथे जायला आता रस्ता आहे.
हसू आलं.

पावलं मोजत होते. साहेबाची पाच
ती माझी सात.
माझ्या पायांनी ते मैदान
त्याच्यापेक्षा मोठंच भरलं.

ऊन चढलं. अठराव्यावर टॉवेल वाळत होते,
दोरीवर दोरी, चारशे तरी,
सगळे एकाच हिरव्या रंगाचे, निर्यातीचा माल.
मी खाली वाकून कमळाच्या चार चौकटी
चपलेच्या टोकानं मातीत काढल्या.

वॉचमन आला. बाई, कुणाचा प्लॉट?
खिशातला कागद घामानं मऊ झाला होता.
मी म्हटलं, मोजणी चालू आहे.
तो म्हणाला, मग खुर्ची आणतो.