पाण्याचा वार

आमच्या कॅलेंडरवर दोनच वार.
एक पाण्याचा, एक मशीनचा.
मशीन मंगळवारी नि शुक्रवारी, ठरलेलं.
पाणी पाचव्या दिवशी, कधी सहाव्या,
रात्री दीडला नाहीतर पहाटे चारला.
नळ आधी खोकतो, मग नुसती हवा सोडतो,
मग येतं.

मी उठते. पिंप, दोन टाक्या, कळशा, गंज,
चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवते.
आणि आत खाटेवर मल्लेशम
पडल्या पडल्या ऐकत राहतात.
त्यांना दिवसाला साडेसातशे मिली.
गोळ्या गिळायचं, चहा, वरणातलं पातळ,
सगळं धरून.

बाटलीवर नेलपॉलिशच्या रेघा मारल्यात मी,
दहा वाजेपर्यंत इथवर, दुपारी इथवर.
नेलपॉलिश पोरीचं. सासरी जाताना विसरली.

मे महिन्यात घरकुलच्या पत्र्याखाली
दुपार काढायची म्हणजे काय ते
काढणाऱ्यालाच ठाऊक.
बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून ते भिंतीकडे बघतात.
तो विरघळेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.
एकदा शेजारची लच्चव्वा दारातून ओरडली,
अर्धा खडा तसाच घशाखाली गेला.
संध्याकाळपर्यंत अबोला धरला तिच्याशी,
साठीच्या माणसानं.
मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

भाजी चिरून उकळायची, पाणी फेकायचं,
परत उकळायची, परत फेकायचं,
असं डाएटवाल्या बाईंनी लिहून दिलंय.
'फेकायचं' मी दोनदा वाचलं.
कुठल्या गावच्या असतील त्या?
मी फेकत नाही, कढीपत्त्याला घालते.
कढीपत्ता माजलाय नुसता.

वॉर्डात सहा खाटा.
हिरेमठ मास्तर नीरू मागतात, हे नीळ्ळू,
शकीलाआपा पानी.
सिस्टर सगळ्यांना मराठीत म्हणते,
थोडंच हं.

पहिल्या दिवशी मी विड्यांचं सूप घेऊनच गेले होते,
चार तास नुसतं बसून काय करायचं?
वॉचमननं हाकललं, बरोबरच होतं त्याचं.
आता कॉरिडॉरमध्ये मोकळ्या हातांनी बसते.
पण बोटं ऐकत नाहीत,
हवेतच पान धरतात, वळतात, टोक मुडपतात.

डॉक्टर म्हणाले, तुमचंपण बीपी वाढलंय मावशी,
टेन्शन घेऊ नका.
आता टेन्शन काय मी मागायला जाते?
रेशनला अंगठा लावावा लागतो.
हे बिनअंगठ्याचं येतं.

रात्री छाती धडधडली की मी कट्टे मोजते,
पंचवीस-पंचवीसचे.
चाळीस झाले की हजार, हजार झाले की दिवस भरला.
कधी सव्विसाव्या कट्ट्यालाच डोळा लागतो.
कधी हजार होतात
आणि धडधड तशीच.

त्यांच्या डाव्या मनगटाच्या वर कापून नस जोडलीय.
त्या हातानं कळशी उचलायची नाही, सुई टोचू द्यायची नाही.
रोज सकाळी तिथं बोट ठेवा, सिस्टर म्हणाली,
गुणगुणतंय का बघा.
गुणगुणत असेल तर चालू आहे.

मी बोट ठेवते.
घर्रर्र.

तीस वर्षं माग चालवला या माणसानं.
लग्न होऊन आले तेव्हा भिंतीपलीकडेच कारखाना,
त्या खडखडाटात चार महिने
माझी झोप उडालेली.
मग एका रात्री वीज गेली, सगळे माग थांबले,
आणि मी दचकून जागी झाले.

आता सकाळची वाट बघत नाही.
झोपतानाच बोट तिथं ठेवते.

काल पाणी आलं पावणेतीनला.
मी पाइप धरून उभी, अर्धवट झोपेत,
तर हे भिंत धरत धरत बाहेर आले.
म्हटलं, झोपा की, काय पाहिजे?
बोलले नाहीत. स्टुलावर बसले,
भरलेल्या टबात दोन्ही पाय सोडले
आणि डोळे मिटून म्हणाले,
पायांना साडेसातशेची अट नाही ना बे?

मी पाइप तसाच टबात सोडला, थोडा वेळ.
पिंप राहिलं अर्धं.
टबातलं, सकाळी, कढीपत्त्याला.